कॉफीच्या फळीमागे उभी माणसे

बरिस्ता हा शब्द मूळचा इटालियन. तिकडे त्याचा अर्थ अगदी साधा आहे. उंच फळीच्या मागे उभा राहून गिऱ्हाइकाला पेय करून देणारा तो बरिस्ता. सकाळी तो कॉफी देतो, संध्याकाळी मद्यही देतो, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. आपल्याकडे मात्र हा शब्द आधी दुकानाच्या पाटीवर आला आणि माणसाला नंतर चिकटला. १९९६ मध्ये बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर ‘कॅफे कॉफी डे’चे पहिले दुकान निघाले. २००० मध्ये दिल्लीत ‘बरिस्ता’ याच नावाची साखळी सुरू झाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये टाटांशी भागीदारी करून ‘स्टारबक्स’ मुंबईत हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये उतरली आणि पहिले काही दिवस फूटपाथवर रांग लागली. आज पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांतून ही दुकाने आहेत आणि ‘बरिस्ता पाहिजे’ अशी पाटी बेकरीच्या काचेवरही दिसते.

या काळात कॉफीच्या दुकानांवर पुष्कळ लिहिले गेले. तरुण मुले तिथे तासन्‌तास काय करतात, एका कपाला अडीचशे रुपये देणे कितपत शहाणपणाचे, उदारीकरणाने मध्यमवर्ग कसा बदलला, वगैरे. हे सारे लेखन फळीच्या अलीकडून, खुर्चीत बसून केलेले आहे. मी २०२१ ते २०२४ अशी पावणेतीन वर्षे पुण्यात एका साखळी दुकानात फळीच्या पलीकडे उभी होते. ‘उभी होते’ हे शब्दशः घ्यावे. या लेखाचा बराचसा भाग त्या उभे राहण्याविषयीच आहे.

आधी काम काय असते ते सांगते, कारण पुष्कळांची समजूत अशी की यंत्राचे बटण दाबले की कॉफी येते. दुकान आठला उघडते, पण पहिल्या पाळीची माणसे सातच्या आत हजर असतात. यंत्र तापायला वेळ लागतो. मग दळण लावायचे. एका दुहेरी एस्प्रेसोला साधारण १८ ग्रॅम पूड लागते. ती चाळणीच्या दांड्यात भरून दाबायची, दांडा यंत्रात अडकवायचा. साधारण ९३ अंशांचे पाणी हवेच्या दाबाच्या नऊपट दाबाने तिच्यातून जाते आणि २५ ते ३० सेकंदांत मधासारखी धार कपात उतरते. पंधरा सेकंदांत उतरली तर कॉफी आंबट आणि पाणचट, चाळीस सेकंद लागले तर कडू आणि जळकट. पूड किती बारीक दळायची हे त्या धारेकडे बघून ठरते. हे गणित एकदा जमले की जमले असे नाही. पुण्यातल्या जुलैच्या ओल्या हवेत सकाळी लावलेले दळण दुपारी ऊन पडताच चुकते. पावसाळ्यात आम्ही दिवसातून तीन-तीन वेळा ते बदलत असू.

दुधाचे तंत्र याहून नाजूक. वाफेची नळी दुधाच्या पृष्ठभागाशी कोणत्या कोनात धरायची यावर फेस रेशमासारखा होणार की साबणासारखा हे ठरते. दूध साठ-पासष्ट अंशांपर्यंतच गोड लागते. सत्तरीच्या पुढे गेले की त्याचा गोडवा जातो आणि उकळल्याचा वास येतो. आपल्या घरातली रीत नेमकी उलटी. दूध वर आल्याशिवाय आपल्याला ते तापले असे वाटतच नाही. त्यामुळे “कॉफी कोमट आहे, पुन्हा गरम करा” ही तक्रार दिवसातून दहा वेळा यायची, आणि तक्रार करणारे आपल्या जागी बरोबरच असत. एक निवृत्त गृहस्थ पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी यादीतली सर्वांत स्वस्त वस्तू मागितली. तो एस्प्रेसो होता. दोन घोटांचा कप समोर आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “अहो ताई, हा काढा किती वेळा घ्यायचा, जेवणाआधी की नंतर?” पुढे ते दर गुरुवारी येत आणि भरपूर दुधाची, भरपूर गरम कॉफी घेत. मीही ती सत्तरीच्या पुढे नेत असे. शिकवणाऱ्यांनी पाहिले असते तर रागावले असते.

रविवारी आमच्याकडे अडीचशेच्या आसपास कप जात. प्रत्येक कपामागे दांडा भरणे, दाबणे, फिरवून अडकवणे, काढणे, आपटून चोथा पाडणे. वर्षभरात उजवे मनगट कुरकुरू लागते. शिवाय फरशी पुसणे, स्वच्छतागृह पाहणे, दुधाचे क्रेट आत घेणे, केकची काच पुसणे, हिशेब जुळवणे हेही बरिस्ताचेच काम. आणि हे सारे हसतमुखाने. हसण्याचे प्रशिक्षण दीड दिवस चालले होते. यंत्राचे चार दिवस.

आता प्रतिष्ठेकडे वळते, कारण मराठी घरात हा प्रश्न पगाराच्या आधी येतो. माझे गाव सातारा जिल्ह्यात. मी बी.एस्सी. झाले आणि २०१९ मध्ये स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्याला आले. २०२० मध्ये करोना आला आणि राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुन्हा पुन्हा पुढे गेली. मार्च २०२१ मध्ये ती तीन दिवसांवर आली असताना पुन्हा पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात नवी पेठेत मुले रस्त्यावर उतरली होती. त्यांत मीही होते. परीक्षा लगेच २१ मार्चला झाली. पण घरून येणारे पैसे तोवर आटले होते. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर मी कॉफीच्या दुकानात लागले.

गावी आईने शेजारी सांगितले, “कंपनीत आहे.” खोटे नव्हते. हॉटेलात कामाला आहे, कप विसळते, हे तिला उच्चारता आले नसते. आपल्याकडे दुसऱ्याचे उष्टे उचलणे या गोष्टीला शतकांचे ओझे आहे. कोणी कुणाच्या हातचे पाणी घ्यायचे आणि कुणाचे ताट कोणी उचलायचे यावर या समाजाने माणसांच्या पायऱ्या लावल्या. हॉटेलातला ‘पोऱ्या’ हा शब्द त्या पायऱ्यांवर कुठे बसतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. कॉफीच्या साखळी दुकानांनी एक मोठी गोष्ट साधली, ती मान्य केली पाहिजे. त्याच कामाला त्यांनी काळा एप्रन, छातीवर नावाची पट्टी आणि एक परका शब्द दिला. ब्राह्मण, मराठा, बौद्ध, मुसलमान अशी आम्ही सातजणं एकाच बेसिनवर एकमेकांच्या शेजारी उभे राहून कप धूत होतो आणि कुणी कुणाला आडनाव विचारले नाही. गावात हे सहज घडले असते असे मला वाटत नाही. परक्या शब्दाची थट्टा करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

पण शब्दाने मान दिला, पगार दिला नाही. मला सुरुवातीला हातात १३ हजार २०० रुपये पडत. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस, म्हणजे रोज ५०८ रुपये. आमच्याकडे त्या वेळी कॅपुचिनो २४० रुपयांना होता. पाच टक्के जीएसटी धरून दोन कप ५०४ रुपयांचे. म्हणजे नऊ तास उभे राहून मी कमावत होते ती दोन कप कॉफी आणि वर चार रुपये. कॉट बेसिसवरची जागा २ हजार ८०० रुपये, डबा २ हजार ६००, अभ्यासिकेचे हजार, बसचा पास, घरी तीन हजार. उरलेल्यात साबणापासून औषधापर्यंत सारे.

मालकाची बाजूही आहे. कपात जाणाऱ्या कॉफीची किंमत अडीचशेतला लहानसा भाग असते. मोठा भाग जागेच्या भाड्यात जातो. गिऱ्हाईक कॉफीसाठी कमी आणि दोन तासांच्या खुर्चीसाठी जास्त पैसे देते, असे म्हटले तरी चालेल. ब्राझीलमधल्या दुष्काळामुळे फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका कॉफीचा जागतिक भाव पौंडाला चार डॉलरच्या वर, म्हणजे तोवरच्या उच्चांकाला गेला. भाडे, वीज, दूध, सगळेच वाढते. या धंद्यात भरभराट दिसते तशी असतेच असे नाही. ‘कॅफे कॉफी डे’चे संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ यांचा जुलै २०१९ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली झालेला दुःखद अंत अनेकांना आठवत असेल. त्यानंतर त्या साखळीची शेकडो दुकाने बंद झाली आणि तिथली मुले दुसऱ्या साखळ्यांत गेली. आमच्याकडचे दोघे तसेच आलेले होते. असे असूनही जानेवारी २०२४ मध्ये टाटा स्टारबक्सने जाहीर केले की २०२८ पर्यंत दुकानांची संख्या एक हजारावर नेणार आणि नोकरवर्ग दुप्पट करून सुमारे ८ हजार ६०० करणार. ही कंपनी नोकरांना ‘पार्टनर’ म्हणते. छोट्या-मोठ्या इतर साखळ्या आणि एकांडी दुकाने धरली तर हा आता पदवीधर मुलामुलींच्या पहिल्या नोकरीचा एक मोठा दरवाजा झाला आहे, आणि म्हणूनच त्याच्या आत काय चालते हा सार्वजनिक प्रश्न होतो.

मुंबईच्या उडपी हॉटेलांत काम करणाऱ्या मुलांशी या पिढीची तुलना मला नेहमी करावीशी वाटते. दक्षिण कानड्यातून आलेली ती मुले दिवसभर टेबले पुसत आणि रात्रशाळेत जात. पुष्कळांचे जेवण आणि झोपण्याची जागा हॉटेलातच असे. पिळवणूक होतीच, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्या व्यवस्थेत शाळेची वेळ ठरलेली होती, आणि त्यांच्यातून शिकून वर गेलेले, स्वतःचे हॉटेल काढलेले लोक आपल्याला माहीत आहेत. आमच्या पाळ्यांचे वेळापत्रक दर रविवारी रात्री फोनवर यायचे. सोमवारी सकाळची पाळी, मंगळवारी रात्रीची, बुधवारी पुन्हा सकाळची. अभ्यासाला ठरलेला तास राहत नाही. माझ्याबरोबर लागलेल्या सात जणांपैकी चार जण परीक्षा देणारे होते. त्या पावणेतीन वर्षांत एकजण पोलिसभरतीत निघाला. बाकीच्यांनी हळूहळू अर्ज भरणे सोडले. परीक्षा कठीण असते, हे एक कारण आहेच. रात्री बाराला दुकान धुऊन खोलीवर आलेल्या माणसाने सहाला अभ्यासिकेत बसावे कसे, हेही एक कारण आहे.

आता उभे राहण्याविषयी. फळीच्या मागे खुर्ची नसते. जागा नाही म्हणून नव्हे; गल्ल्याच्या बाजूला एक उंच स्टूल सहज मावते. बसलेला नोकर आळशी दिसतो, म्हणून नसते. दुपारी तीन ते साडेचार दुकानात दोन माणसे असायची, यंत्र गप्प, आणि आम्ही तिघे उभे. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी सोडली तर साडेआठ तास. पोटऱ्यांना गोळे येतात, रात्री पाय सुजतात, चपलेचा माप एकाने वाढतो. मासिक पाळीच्या दिवसांत काय होते ते स्त्री-वाचकांना सांगायला नको. आमच्यातली एक मुलगी भांडारात दुधाच्या रिकाम्या क्रेटवर दोन मिनिटे टेकली म्हणून तिला लेखी ताकीद मिळाली. कॅमेऱ्यात दिसले होते.

हा प्रश्न आपल्याकडे कुणी फारसा विचारलेला नाही, केरळात विचारला गेला आहे. कोळिकोडच्या मिठाई तेरुवु या बाजारपेठेत साडी आणि कापडाच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर बसायची मनाई असे, स्वच्छतागृहाचीही सोय नसे. पी. विजी यांनी ‘पेण्‌कूट्टु’ या संघटनेतून या बायकांना एकत्र आणले. लढा सुरू झाला तो स्वच्छतागृहापासून आणि पुढे बसण्याच्या हक्कापर्यंत गेला. २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून दुकानातल्या कामगारांना बसण्याची सोय देणे मालकांना बंधनकारक केले. २०२१ मध्ये तमिळनाडूने तसाच कायदा केला. जग इतके पुढे गेल्यावर एका स्टुलासाठी विधिमंडळात विधेयक आणावे लागते याचे हसू येईल. साडेआठ तास उभे राहिलेल्याला येणार नाही.

महाराष्ट्रात काय आहे? केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतल्या व्यवसायिक सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत उभ्याने काम कराव्या लागणाऱ्यांसाठी बसण्याच्या व्यवस्थेचा उल्लेख आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र दिले पाहिजे असेही तिथे म्हटले आहे. वाचायला बरे वाटते. पण सर्वसाधारणपणे ही संहिता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. आमच्या दुकानात दोन्ही पाळ्या मिळून सात हात होते. कंपनीत हजारो, दुकानात सात. मोजायचे काय, कंपनी की दुकान? हा वाद कोर्टात घालायला वकील लागतो, आणि तेरा हजारांच्या नोकरीत वकील कोण करणार?

राज्याचा स्वतःचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदाही दहाच्या आकड्यावरच उभा होता. त्याच कायद्याने दुकाने रात्रभर उघडी ठेवायला वाट करून दिली आणि स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचे तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहन अशा अटी घातल्या. आमच्याकडे संमतीच्या कागदावर पहिल्याच दिवशी इतर अकरा कागदांबरोबर सही घेतली गेली. वाहन मात्र नव्हते. आम्ही मुली मिळून रिक्षा करत असू. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या कायद्यातील बदलांना मंजुरी दिली. दिवसाचे काम नऊ तासांवरून दहा तासांवर, आणि कायदा लागू होण्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर. गुंतवणूक यावी, धंदा सुकर व्हावा, हा हेतू सांगितला गेला. धंदा सुकर व्हावा हे मलाही पटते. दुकान बंद पडले की पहिली नोकरी आमचीच जाते. पण शहरातले कोणते कॉफीचे दुकान वीस माणसे ठेवते? लहान दुकानांतला नोकरदार या एका आकड्याने कायद्याच्या उंबऱ्याबाहेर गेला आणि त्यावर आपल्याकडे चहाच्या कपातही वादळ उठले नाही.

संघटना का करत नाही, असे मला विचारतात. अमेरिकेत ९ डिसेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात एल्मवुड ॲव्हेन्यूवरच्या स्टारबक्सच्या नोकरांनी १९ विरुद्ध ८ मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला. तिथून हे लोण पाचशेहून अधिक दुकानांत पसरले. तरीही २०२५च्या अखेरीपर्यंत कंपनीशी पहिला करार झाला नव्हता आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा संप करावा लागला. आपल्याकडे तर माणसे वर्षभरही टिकत नाहीत. सहा महिन्यांनी ज्याला सोडून जायचेच आहे तो वर्गणी कशाला भरेल? या नोकरीला सगळेच तात्पुरती समजतात, मालक, नोकर आणि त्याची आईसुद्धा. या समजुतीत सर्वांत जास्त फायदा कुणाचा होतो हे उघड आहे.

आणि तरी याच देशात कॉफी देणाऱ्यांनी एकदा वेगळे काही करून दाखवले आहे. कॉफी बोर्डाने चालवलेली इंडिया कॉफी हाउसे १९५०च्या दशकात बंद होऊ लागली आणि नोकरांना कामावरून काढले गेले, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सुचवले की दुकाने तुम्हीच सहकारी तत्त्वावर चालवा. १९५७ मध्ये बंगळूरला आणि १९५८ मध्ये त्रिशूरला अशा संस्था उभ्या राहिल्या. डोक्यावर तुरेदार फेटा घातलेला तिथला वेटर संस्थेचा सभासद असतो. तिथली कॉफी, खरे सांगायचे तर, आमच्या यंत्राच्या कॉफीपुढे टिकत नाही. पण मी त्रिशूरच्या एका कॉफी हाउसमध्ये गेले होते तेव्हा वाढणारे काका चाळीस वर्षे तिथेच होते आणि त्यांनी निवृत्तीची तारीख मला सहज सांगितली. आमच्या दुकानात निवृत्ती हा शब्द मी कधी ऐकला नाही. सहकाराचे माहेरघर म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने साखर, दूध, सूत, बँका सगळे सहकारात आणले. कॉफी-चहाची फळी त्या वाटेला फारशी का गेली नाही, याचा अभ्यास कुणीतरी करायला हवा.

मी आता एका पतसंस्थेत आहे. पगार फार वेगळा नाही, खुर्ची आहे. जुन्या दुकानातल्या मुली अधूनमधून फोन करतात. गेल्या महिन्यात कळले की तिथल्या नव्या व्यवस्थापिकेने, जी स्वतः आमच्याबरोबर फळीमागे होती, गल्ल्याशेजारी एक लाकडी स्टूल आणून ठेवले आहे. वरून कुणी विचारले तर ते गिऱ्हाइकाच्या पिशव्यांसाठी आहे असे सांगायचे ठरले आहे.